तारीख पोलिसांची, तिथी मावशींची: हौशी डिटेक्टिव्हची कादंबरी आतून कशी चालते

ऑगस्ट २०२५मध्ये रिचर्ड ऑस्मन यांच्या 'द थर्सडे मर्डर क्लब' या कादंबरीवरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. इंग्लंडमधल्या निवृत्तांच्या वसाहतीत राहणारी चार माणसं दर गुरुवारी जमतात आणि जुन्या, न सुटलेल्या खुनांची कोडी सोडवत बसतात. मग एक खून त्यांच्याच आसपास होतो. मूळ कादंबरी २०२०ची. अशा कथा वाचताना किंवा पाहताना एक शंका हमखास येते. ज्यांच्या हातात बेडी नाही, वॉरंट नाही, प्रयोगशाळा नाही, त्यांना पोलिसांच्या हातून निसटलेला खुनी सापडतोच कसा? आणि वाचक ते मान्य तरी का करतो?

याचं उत्तर पुराव्याच्या प्रकारात आहे. अशा कादंबरीत निर्णायक पुरावा बहुतेक वेळा रक्ताच्या डागात किंवा बोटांच्या ठशात नसतो. तो कुणाच्या तरी सवयीत असतो. आणि माणसाच्या सवयी ठाणे अंमलदारापेक्षा शेजारच्या काकूंना जास्त ठाऊक असतात.

हौशी म्हणजे नेमकं कोण?

हौशी डिटेक्टिव्ह म्हणजे तपास हा ज्याचा पेशा नाही आणि तपासासाठी ज्याला पगार किंवा फी मिळत नाही असा माणूस. शेरलॉक होम्स पोलिसात नव्हता, पण लोक त्याच्याकडे अशील म्हणून येत, त्यामुळे तो व्यावसायिकच. एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४१च्या कथेतला पॅरिसचा द्युपां हा या हौशी घराण्याचा मूळ पुरुष. पुढे इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन आले. हे कॅथलिक पाद्री, लोकांचे पापाचे कबुलीजबाब ऐकून ऐकून माणूस ओळखायला शिकलेले. १९२७च्या एका कथेत अगाथा ख्रिस्ती यांनी मिस मार्पलला आणलं आणि १९३०मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी ही अविवाहित वृद्धा समोरच्या संशयिताकडे बघून गावातलं कुणीतरी आठवते: हा अगदी त्या मासेवाल्याच्या पोरासारखा बोलतोय. तिची सगळी पद्धत यावर उभी आहे.

मराठी वाचकाचा या मंडळींशी पहिला परिचय बहुधा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेमुळे झालेला असतो. फुरसुंगीचा हा शाळकरी मुलगा हौशीच. त्याच्या हाताशी सायकल, 'ट्टॉक्' आणि भलत्या ठिकाणी नाक खुपसायची ओढ, एवढंच.

वेगवान थरारकथेत 'पुढे काय होणार' हा प्रश्न वाचकाला ओढत नेतो. स्वभावप्रधान रहस्यकादंबरीत 'ही माणसं खरी कशी आहेत' हा प्रश्न ओढतो. खून हे त्या माणसांच्या घरात शिरण्याचं निमित्त असतं. हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक नमुना बांधू आणि तो उसवून पाहू.

समजा, डोंबिवलीतली एक इमारत

चार मजले, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या खोलीत वॉचमन आणि त्याची बायको लीलामावशी राहतात. मावशी इमारतीतल्या पाच घरी पोळ्या करतात. दुसऱ्या मजल्यावर अण्णा, वय अडुसष्ट, एकटे, सोसायटीचे खजिनदार. मावशी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे सहा पोळ्या करतात. तीन रात्रीच्या, तीन सकाळी फोडणीच्या पोळीसाठी. रोज रात्री आठ वाजता अण्णा पाण्याची मोटर चालू करतात, वीसेक मिनिटांनी गच्चीवर जाऊन टाकीच्या लोखंडी शिडीवरून पाण्याची पातळी बघतात आणि साडेआठला खाली येऊन मोटर बंद करतात.

मार्चमधली एक रात्र. पावणेआठला सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला स्टेशनजवळच्या बाजारात पाठवतात, दूर्वा आणि जास्वंदीची फुलं आणायला. नऊला दहा मिनिटं कमी असताना तो परततो तर टाकी भरून वाहतेय, जिन्यातून पाणी ओघळतंय, चौथ्या मजल्यावरच्या वहिनी वैतागून ओरडताहेत. तो धावत जाऊन मोटर बंद करतो. अण्णांना आज डुलकी लागली असेल, असं सगळे म्हणतात. पावणेदहाच्या सुमारास सेक्रेटरी स्वतः खाली येऊन मावशींच्या हातावर मोदक ठेवतात आणि "सगळं गॅलरीतूनच उरकलं आज, गुडघा धरलाय" असं म्हणून वर जातात. सकाळी सहाला अण्णा गच्चीवर शिडीच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडतात.

पोलिस येतात, पंचनामा होतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते. शिडी ओली, माणूस म्हातारा, पाय घसरला. रहिवाशांचे जबाब घेतले जातात. सेक्रेटरी सांगतात, "आठ ते नऊ आम्ही तिघं घरी जेवत होतो. पोळी, भाजी, वरणभात. आमची आठची वेळ कधी चुकत नाही." बायको आणि मुलगा मान डोलावतात. सोसायटीची कमिटी मात्र वॉचमनला कामावरून काढायचं ठरवते: तो जागेवर असता तर मोटर वेळेत बंद झाली असती, अण्णांकडे कुणाचं तरी लक्ष गेलं असतं.

इथे लीलामावशी तपासात उतरतात. नवऱ्याची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही चाललंय. हे कारण फार महत्त्वाचं आहे. पोलिसाला तपास का करतोस, असं कुणी विचारत नाही. हौशी माणसाला वाचक पानोपानी तेच विचारत असतो. नुसती जिज्ञासा तीसेक पानं पुरते, त्यापुढे स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असावं लागतं.

अण्णांच्या डब्यात मावशींना एकही पोळी सापडत नाही. सकाळच्या तीनही संपलेल्या. म्हणजे रात्री कुणीतरी जेवून गेलं. मावशी आणि वाचक दोघंही त्या पाहुण्याच्या मागे लागतात. शंभर पानांनंतर कळतं की तो अण्णांचा पुतण्या होता. नोकरी गेल्याचं घरी लपवून तो काकांकडे उसने पैसे मागायला आला होता. सातला आला, जेवला, साडेसातला गेला. लाजेपोटी गप्प राहिला.

खरा उलगडा मोदकात आहे. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती, चंद्रोदय साडेनऊनंतरचा. सेक्रेटरी वीस वर्षं संकष्टी करतात, चंद्राला अर्घ्य दिल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. मग आठ वाजता पोळीभाजी कोण जेवत होतं? शिवाय इतकी वर्षं चंद्रदर्शनाला गच्चीवर जाणारा माणूस नेमका त्याच रात्री गॅलरीत थांबला. इमारतीच्या दुरुस्तीनिधीतली दोनदा दाखवलेली बिलं अण्णांच्या हाती लागली होती, हा हेतू पुढे उघड होतो.

पोलिसांच्या कागदावर त्या दिवसाची तारीख होती. मावशींच्या डोक्यात तिथी होती.

गोष्ट पुढून वाचायची, मागून रचायची

रहस्यकादंबरीत दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असतात. एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. गुन्ह्याची गोष्ट कादंबरी सुरू होते तेव्हा जवळपास संपलेली असते, आणि शोधाची गोष्ट तिला तुकड्यातुकड्याने वर काढते. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढावी तसं. म्हणून लेखकाला आधी कळशी विहिरीत टाकावी लागते.

प्रत्यक्षात हे काम एका मोठ्या कागदावर होतं. डाव्या रकान्यात घड्याळ: सात, साडेसात, पावणेआठ, आठ, आठ वीस, आठ पन्नास, नऊ पस्तीस, पावणेदहा, सकाळचे सहा. पुढे प्रत्येक पात्राला एक रकाना, आणि प्रत्येक चौकटीत ते पात्र त्या क्षणी खरोखर कुठे होतं. शेवटच्या रकान्यात ते पोलिसांना काय सांगणार. 'खरं' आणि 'सांगितलेलं' जिथे जुळत नाही ती चौकट लाल करायची. नमुन्यात लाल चौकटी दोघांच्याच आहेत, सेक्रेटरींच्या आणि पुतण्याच्या. पूर्ण लांबीच्या कादंबरीत पाच-सहा संशयित लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांची एखादी तरी चौकट लाल असावी लागते, कारण प्रत्येक घरात झाकून ठेवलेलं काहीतरी असतंच.

हा तक्ता न करता लिहायला बसलं की एक ठरावीक अपघात होतो. पहिल्या दोनशे पानांत कुतूहल वाढवणाऱ्या गोष्टी पेरल्या जातात, मग शेवटी त्यांना जोडणारा खुनी शोधावा लागतो आणि तो कुणातच नीट बसत नाही. मग लेखक अचानक जुळा भाऊ आणतो किंवा खुन्याला वेडा ठरवतो. वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं ते वाटणं बरोबर असतं.

वाचकाशी प्रामाणिक व्यवहार

डिटेक्टिव्हला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे, हा या प्रकारातला मूळ करार. त्याला 'फेअर प्ले' म्हणतात. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश पाद्री-लेखकाने १९२९मध्ये त्याचे दहा नियम मांडले: डिटेक्टिव्हने सुगावा वाचकापासून लपवू नये, कुणालाच माहीत नसलेलं विष वापरू नये, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, पूर्वतयारीशिवाय जुळी भावंडं आणू नयेत. १९३०मध्ये लंडनला रहस्यलेखकांचा 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष, आणि सभासदांना असाच व्यवहार पाळण्याची शपथ घ्यावी लागे.

पण सगळं दाखवायचं म्हटलं तर रहस्य टिकायचं कसं? यातली खरी कारागिरी सुगावा दाखवून लपवण्यात आहे, आणि तिच्या काही घट्ट पद्धती आहेत.

आपल्या नमुन्यात दूर्वा-जास्वंदीचा उल्लेख 'वॉचमन जागेवर का नव्हता' याचं कारण म्हणून येतो. वाचक त्याला त्या खणात ठेवतो आणि पुढे जातो. एकाच वाक्याला दोन अर्थ असले आणि पहिला अर्थ लगेच कामी आला, की दुसरा कुणी शोधत नाही. मोदकाचा प्रसंग टाकी वाहून गेल्याच्या गोंधळानंतर येतो, वाचक अजून त्या ओल्या जिन्यातच असतो. मोठ्या आवाजाच्या शेजारी ठेवलेली बारीक गोष्ट ऐकू येत नाही. गॅलरीचा उल्लेख गुडघ्याच्या तक्रारीआड आहे. यादी द्यायची असेल तर महत्त्वाची वस्तू मधोमध ठेवतात, कारण यादीतली पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे सुगाव्याचे दोन तुकडे करून दूर दूर ठेवणं. मोदक तिसऱ्या प्रकरणात, 'आठला जेवत होतो' हा जबाब सातव्यात. एकेकटे दोन्ही निरुपद्रवी. दोन्ही एकाच पानावर आले तर कोणीही पकडेल. दीडशे पानांचं अंतर पडलं तर पहिला तुकडा विसरला जाईल आणि शेवटी वाचक म्हणेल, हे केव्हा सांगितलं होतं? म्हणून मध्ये कुठेतरी, साधारण पाचव्या प्रकरणात, हलकी आठवण ठेवावी लागते. मावशींच्या ओट्यावर मोदकाच्या सारणाला लागलेल्या मुंग्या, एवढं पुरे.

भोकं बुजवणं

सुगावा ठेवला की त्याला पडणाऱ्या पळवाटा एकेक करून बंद कराव्या लागतात. बहुतेक होतकरू लेखक इथे कमी पडतात. काम रटाळ आहे, पण कादंबरी याच्यावरच तगते.

सेक्रेटरी जेवत असतील, पण उपासाचं? जबाबात पोळी, भाजी, वरणभात लिहिलंय म्हणून ती वाट बंद. त्या महिन्यात डॉक्टरांनी उपास करू नका म्हटलं असेल? फुलं मागवली, पावणेदहाला पूजा उरकून मोदक वाटले, म्हणून तीही बंद. बायको-मुलगा उपास करत नसतील आणि तेच आठला जेवले असतील? जेवले असतील खुशाल, जबाबात 'आम्ही तिघं' आहे. मावशींना तिथी चुकीची आठवत असेल? भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली आहे.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तोच मोलाचा: एवढी योजना करणारा माणूस अशी ढोबळ चूक का करेल? या 'का'चं उत्तर स्वभावातून आलं नाही तर सगळा डोलारा कोसळतो. सेक्रेटरी हे वक्तशीरपणाचा अभिमान मिरवणारे गृहस्थ. 'आमची आठची वेळ कधी चुकत नाही' हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा म्हटलंय आणि बाकीच्या दिवशी ते खरंच आहे. पोलिसांसमोर घसा कोरडा पडल्यावर माणूस नवं खोटं रचत नाही, तोंडात बसलेलं खरं पुढे करतो. महिन्यातला एक दिवस त्याला अपवाद आहे, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं नाही. खोटं पकडलं गेलं ते त्यांच्याच खऱ्या सवयीमुळे. पहिल्या प्रकरणापासून त्यांचा वक्तशीरपणा वाचकाला दोन-तीनदा दिसला असेल, तरच हे पटतं.

चकवा

रानात वाट चुकून माणूस पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, तेव्हा कोकणात म्हणतात चकवा लागला. रहस्यकथेत वाचकाला चुकीच्या संशयिताकडे नेणाऱ्या धाग्याला इंग्रजीत 'रेड हेरिंग' म्हणतात. आपल्याला चकवा हा शब्द पुरतो, आणि तो जास्त नेमका आहे.

संपलेल्या तीन पोळ्या हा आपला चकवा. वाईट चकवा शेवटी 'तो योगायोग होता' म्हणून झटकला जातो. चांगल्या चकव्याला स्वतःचं खरं उत्तर असतं, आणि ते उत्तर वाचकाला काहीतरी देऊन जातं. पुतण्याची लाज खरी आहे, बेकारी खरी आहे, शेवटच्या संध्याकाळी अण्णांनी त्याला विनातक्रार जेवू घातलं हेही खरं आहे. मेलेल्या माणसाचा चांगुलपणा आपल्याला या चकव्यातून कळतो. खेरीज तो खऱ्या उत्तराला हातभारही लावतो: ज्याने पोळ्या खाल्ल्या त्याचा उपास नव्हता.

"पण स्वभाव म्हणजे काही पुरावा नव्हे!"

ही हरकत रास्त आहे. 'तो इतका शांत माणूस, तो खून करणारच नाही' हा पुरावा नव्हे, आणि 'ती भांडखोर आहे, तिनेच केला असणार' हा तर नुसता पूर्वग्रह. जात, भाषा, गाव, विधवा असणं, गरिबी यांवरून संशय घेणारा हौशी डिटेक्टिव्ह घातक असतो, आणि जुन्या रहस्यकथांत असे पूर्वग्रह भरपूर सापडतात.

चांगली कादंबरी गुणांवर विसंबत नाही, सवयींवर विसंबते. गुण मोजता येत नाहीत, सवय मोजता येते: सहा पोळ्या, आठची मोटर, चंद्रोदयानंतरचं जेवण. सवय मोडली की काहीतरी घडलंय, एवढंच तिच्यावरून म्हणता येतं. काय घडलं ते दुसऱ्या वस्तुस्थितीशी ताडून पाहावं लागतं. मावशी 'सेक्रेटरी वाईट माणूस आहे' असं कुठेच म्हणत नाहीत. त्या म्हणतात, त्या रात्री आठला ते जेवत नव्हते. एवढं एक वाक्य सिद्ध झालं की बाकीची दारं उघडायला लागतात.

"मग पोलिस काय करत असतात?"

जुन्या युक्तीप्रमाणे पोलिसांना मठ्ठ दाखवलं की डिटेक्टिव्ह आपोआप हुशार दिसतो. आजचा वाचक हे चालवून घेत नाही आणि त्याची गरजही नाही. पोलिस इथे चूक करत नाहीत. त्यांच्याकडे संशयाला जागाच नाही. आपल्याकडे असा मृत्यू झाला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली चौकशी होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. ही संहिता १ जुलै २०२४पासून लागू आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद तिच्यात आहे, पण त्यासाठी आधी तो गुन्हा मानला जावा लागतो. शिडीवरून पडलेला म्हातारा हा प्रथमदर्शनी गुन्हा नसतो. हौशी माणसाची जागा नेमकी इथे आहे: हा अपघात नव्हे, इथे बघा, असं म्हणण्यापुरती.

त्यापुढे हौशी माणसाची मर्यादा कडक आहे. खाजगी व्यक्तीला अटक करता येते ती तिच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र (म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा घडला तर किंवा समोरचा घोषित फरारी असेल तर. तेव्हाही सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. शेवटच्या प्रकरणात खुन्याला रात्रभर खोलीत कोंडून ठेवणारी मावशी स्वतःच अडचणीत येईल. घटनास्थळावरची वस्तू रुमालात गुंडाळून घरी नेली की तिचं पुराव्याचं मोल जवळजवळ संपतं, कारण ती कुठून, केव्हा आणि कशी मिळाली हे पंचांसमोर नोंदलेलंच नसतं. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागतं.

एका बाबतीत मात्र भारतातल्या हौशी डिटेक्टिव्हचं पारडं जड आहे, आणि मराठी रहस्यलेखकांनी याचा अजून भरपूर उपयोग करून घ्यावा असं वाटतं. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२च्या कायद्यात हे कलम २५ होतं, आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम २३ आहे. पण आरोपीने स्वतःहून एखाद्या विश्वासातल्या खाजगी व्यक्तीला सांगितलेली गोष्ट न्यायालय ऐकतं. तिला न्यायालयाबाहेरची कबुली म्हणतात. न्यायालयं ती कमकुवत मानतात आणि तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार मागतात, पण ती चालते. सेक्रेटरी ठाण्यात इन्स्पेक्टरला जे बोलले ते वाया जाईल. जिन्यात बसून मावशींना जे बोलले ते कदाचित टिकेल. 'सर्व संशयितांना दिवाणखान्यात जमवून भाषण' या इंग्लिश शेवटाहून, पिठाचे हात पदराला पुसत ऐकणारी मावशी आणि जिन्याच्या पायरीवर खचलेला माणूस, हे दृश्य आपल्या कायद्याला आणि आपल्या जगण्याला जास्त जवळचं आहे.

मृत्यूची वेळ: जिथे बहुतेकांचं चुकतं

'डॉक्टर म्हणाले, मृत्यू आठ वाजून वीस मिनिटांनी झाला' हे वाक्य कादंबरीत दिसलं की समजावं, लेखकाने अभ्यास केलेला नाही. शवविच्छेदनातून मिनिट सांगता येत नाही, काही तासांचा पट्टा सांगता येतो. मृत शरीर निवत निवत आसपासच्या तापमानाला येतं. थंड देशात हे निवणं तासाला साधारण एक अंश सेल्सियसच्या आसपास धरतात, आणि इंग्रजी कथांतून आपल्याकडे आलेला हिशेब तो आहे. मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा बेचाळीसवर असतो, माणसाचं शरीर सदतीसवर. तिथे प्रेत निवणार कुठून? मृत्यूनंतर स्नायूंना येणारा ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर जातो.

म्हणून स्वभावप्रधान कादंबरीत वेळ दिनक्रमाने पक्की करतात. आठला मोटर चालू झाली म्हणजे अण्णा आठला जिवंत. साडेआठला बंद झाली नाही म्हणजे त्याआधी काहीतरी घडलं. वाहून गेलेली टाकी डॉक्टरपेक्षा नेमकी वेळ सांगते. आणि ती वाचकाने सुरुवातीलाच, कटकट म्हणून, पाहिलेली असते.

"सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या काळात हे टिकेल?"

टिकतं, पण उपकरणं झटकून टाकता येत नाहीत. 'त्या दिवशी नेमका कॅमेरा बंद होता' ही सबब एकदाच चालते, आणि तीही कॅमेरा महिनाभर आधीपासून बंद असल्याचं दाखवलं असेल तर. दुरुस्तीनिधीवरून वाद चालू असलेल्या सोसायटीत कॅमेऱ्याची दुरुस्ती रखडणं स्वाभाविक आहे. आता ती सबब मूळ कथेतच मुरली. मोबाइलचं ठिकाण टॉवरवरून कळतं, पण एकाच इमारतीत राहणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर होता की गच्चीवर, हे टॉवर सांगू शकत नाही. बंदिस्त जागेत, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत खून घडवण्याची ही जुनी रीत आजही कामाची आहे ती याचमुळे. खुन्याचं तिथे असणं संशयास्पद नसतं. त्या वेळी, त्या पायरीवर असणं संशयास्पद असतं, आणि ते फक्त माणूस सांगू शकतो.

"खुनाची करमणूक करायची?"

या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात, म्हणजे ऊबदार, घरगुती. रक्तपात पडद्याआड, हिंसेचं वर्णन नाही, शेवटी व्यवस्था पूर्ववत. आक्षेप असा की यात मृत्यू शब्दकोड्याइतका हलका होतो. वाईट कादंबरीत होतोच. पहिल्या प्रकरणात कुणीतरी मरतं, दुसऱ्यापासून त्याचं नावही कुणी काढत नाही, ते नुसतं 'प्रेत' होतं. मालिकेत तर हे आणखी वाढतं. बाराव्या पुस्तकापर्यंत त्याच गल्लीत बारा माणसं मेलेली असतात आणि लोक निवांत चहा पीत असतात.

यावर इलाज लिहिण्यातच आहे. मेलेल्या माणसाची उणीव दर थोड्या पानांनी भासली पाहिजे, आणि ती रडण्यातून दाखवण्यापेक्षा कामातून दाखवावी. आता मोटर कोण चालू करणार यावरून मीटिंगमध्ये वाद. पहिले चार दिवस टाकी एकदा रिकामी, एकदा भरून वाहणारी. अण्णांच्या दारात पेपर साठत गेलेले, कारण पेपरवाल्याला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर मावशींचा हात सवयीने बेलकडे जातो.

खुनी पकडला गेल्यावरही एक प्रकरण लागतं, पाच-सहा पानांचं. सेक्रेटरींच्या मुलाशी आता कोण बोलतं? बापाच्या जबाबाला त्याने मान डोलावली होती, पुन्हा पोलिसांसमोर जाऊन ते मागे घ्यायला त्याला किती दिवस लागले? पुतण्या काकांचं घर आवरायला येतो तेव्हा मावशी त्याला काय देतात? वॉचमनची नोकरी राहते, पण ज्या कमिटीने त्याला काढायचं ठरवलं होतं त्याच माणसांसाठी त्याने रोज सकाळी दार उघडायचं असतं. आणि संध्याकाळी पाच घरांऐवजी चार घरांच्या पोळ्या करताना मावशी परातीत पीठ घेतात, थांबतात, आणि सहा पोळ्यांचं पीठ पुन्हा डब्यात टाकतात.